चौदा ठिकाणी ‘मे’

सीताराम ओव्हाळांचा इंग्रजीतल्या एका शब्दावर फार राग होता. तो शब्द म्हणजे ‘मे’. मे महिना नव्हे हो. तो बिचारा उन्हाचा का होईना, येतो म्हणजे येतोच. हा दुसरा ‘मे’, जो वाक्यात गुपचूप येऊन बसतो आणि सांगतो की होईलही, नाहीही होणार, आम्हाला विचारू नका. एका सरकारी खात्यात चौतीस वर्षं टिपण्या आणि मसुदे लिहून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला हा माणूस. कागद हातात आला की आधी सही बघायची, मग तारीख, मग जावक क्रमांक, आणि मग पेन्सिल घेऊन ‘मे’ शोधत बसायचं, ही त्यांची रीत. वीजबिलाच्या मागचा बारीक मजकूरसुद्धा त्यातून सुटायचा नाही.

त्यांचं म्हणणं असं, की सगळे ‘मे’ सारखे नसतात. खालचा कारकून वरच्या साहेबाकडं फाइल पाठवताना ‘मे काइंडली बी अप्रूव्ह्ड’ लिहितो, तेव्हा तो ‘मे’ हात जोडून उभा असतो. कृपा करा, मंजुरी द्या. साहेब खालच्याला ‘यू मे गो’ म्हणतो तेव्हा तो हुकूम असतो, नाही गेलात तर बघा. आणि तिसरा असतो तो तुमच्याबद्दल वरून आलेल्या कागदात. ‘युवर केस मे बी कन्सिडर्ड.’ तुमच्या प्रकरणाचा विचार होऊ शकतो. हा तिसरा सगळ्यांत बेरकी. ज्याला हो म्हणायचं नाही आणि नाही म्हणायची हिंमत नाही, त्याचा हा आवडता शब्द.

हे ज्ञान काही पुस्तकातलं नव्हतं. एकोणनव्वद साली सीतारामांची बढती निघायची होती. राखीव जागा रिकामी होती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण त्या जागांचं रजिस्टर त्यांच्याच टेबलावर होतं. वरून कागद आला, त्यात हा तिसरा ‘मे’. विचार होऊ शकतो. तो विचार नऊ वर्षं चालला. त्या नऊ वर्षांत मागून आलेले तिघे पुढं गेले, आणि त्या तिघांच्या बढतीचे आदेश टाइप कुणी केले? सीतारामांनीच केले, एकही चूक न करता. घरी येऊन ते जेवायचे नाहीत, तर त्यांची बायको हिरा समजून जायची की आज कुणाचा तरी आदेश निघाला.

तर अशा माणसाच्या घरात, म्हणजे धायरीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, दोन हजार आठच्या जानेवारीत एक पत्र आलं. त्यांचा एकुलता एक मुलगा प्रज्ञेश इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. कॉलेजात मुलाखती झाल्या होत्या आणि खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीनं त्याला निवडलं होतं. पोरगा जिने चढत धापा टाकत आला आणि पत्र वडिलांच्या हातात दिलं. सीतारामांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि गोल काढायला सुरुवात केली. हिरा पेढ्यांचा पुडा सोडून उभी होती. चार पानांवर चौदा गोल निघाले.

“रुजू होण्याची तारीख बदलू शकते. कामाचं ठिकाण बदलू शकतं. हे पत्र मागं घेतलं जाऊ शकतं.” सीतारामांनी पत्र टेबलावर ठेवलं. “चौदा ठिकाणी ‘मे’ आहे. चौदा वेळा ‘मे’ म्हणणारा माणूस एकदाही ‘देतो’ म्हणत नाही. आपल्या लोकांना असंच दारात उभं ठेवतात. लिहून ठेव, तुला बोलावणार नाहीत.”

“अहो, पोराला पेढा तरी खाऊ द्या,” हिरा म्हणाली.

प्रज्ञेश हसला. तेव्हा तो हसायचा. सगळ्यांच्या पत्रात असंच असतं पप्पा, म्हणाला.

पण पुढं काय झालं ते सगळ्या पुण्यानं पाहिलं. अमेरिकेत बँका बुडाल्या आणि इथल्या पोरांच्या नोकऱ्या लांबल्या. जुलैला बोलावणार होते ते ऑक्टोबर झालं, ऑक्टोबरचं जानेवारी झालं. दर वेळी प्रज्ञेश येऊन सांगायचा, आणि दर वेळी सीताराम वर्तमानपत्र खाली करून विचारायचे, “मी काय म्हणालो होतो?” जानेवारीनंतर पोरानं सांगणं सोडून दिलं. सकाळी आंघोळ करून कुठंतरी जायचा, संध्याकाळी यायचा. विचारलं की म्हणायचा, चाललंय.

आणि मग दोन हजार नऊच्या एप्रिलात, चार तारखेला, शनिवारी, ते दुसरं पत्र आलं. प्रज्ञेश म्हणाला, कुरिअरवाला खाली भेटला. सोमवार, वीस एप्रिल, सकाळी नऊ वाजता खराडीच्या कचेरीत हजर व्हावं. हिरा रडली आणि वाटी घेऊन शेजारी साखर वाटायला गेली. वस्तीतल्या बुद्धविहाराच्या समितीचे अध्यक्ष रामदास गायकवाड स्वतः घरी आले. जयंतीच्या आदल्या रविवारी विहारात गुणवंतांचा सत्कार व्हायचा असतो. वस्तीतला आयटी कंपनीत लागलेला पहिला मुलगा म्हणून प्रज्ञेशचं नाव यादीत सगळ्यांत वर घातलं गेलं. रामदास पत्राची झेरॉक्स घेऊन गेले, समितीच्या फाइलला लावायला.

सीतारामांनाही आनंद झाला. अगदी खरा झाला, उगाच कशाला नाही म्हणा? एक रात्र ते शांत झोपले. सकाळी मात्र मनात पाल चुकचुकली.

पत्र पुन्हा काढलं. सही होती. तारीख होती. जावक क्रमांक होता, तोही नीट, तिरप्या रेघांनी तोडलेला, आधी शाखा, मग क्रमांक, मग साल. विषयाची ओळ होती, संदर्भाची ओळ होती. त्या बेरक्या ‘मे’चा पत्ता नव्हता, चक्क एकही गोल काढायला मिळेना. सीतारामांनी चार वेळा वाचलं आणि चारही वेळा त्यांना ते पत्र आवडलं. हेच त्यांना खटकलं. खाजगी कंपनीला एवढी शिस्त कुठून आली? चौतीस वर्षांत इतकं नेटकं पत्र त्यांनी फक्त एकाच टेबलावर पाहिलं होतं, आणि ते टेबल त्यांचं स्वतःचं होतं.

“तुम्हाला वाईट पत्र आलं तरी संशय आणि चांगलं आलं तरी संशय,” हिरा म्हणाली. “पत्रिकाच तशी घेऊन आलात.”

“आपण पत्रिका मानत नाही.”

“म्हणून तर कुणाला दाखवता येत नाही.”

सीतारामांच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. मंदीत खोट्या कंपन्यांचा सुळसुळाट झाला होता. जुन्या कंपनीच्या नावाचा कागद छापायचा, पोरांना बोलवायचं, सर्टिफिकेटं ठेवून घ्यायची आणि एक दिवस कुलूप लावून पसार व्हायचं. पेपरात रोज काहीतरी यायचं. पोरगं भोळं, त्याची आई त्याहून भोळी. रविवारी सगळ्या वस्तीसमोर हार घालून घ्यायचा आणि वीस तारखेला कुलूप बघून परत यायचं? ते काही नाही. बुधवारी सकाळी पेन्शनच्या कामाला जातो सांगून त्यांनी पत्र शर्टाच्या आतल्या खिशात घातलं आणि बस धरली. धायरीहून स्वारगेट, स्वारगेटहून खराडी. पुण्याचं एक टोक सोडून दुसरं गाठायला पावणेदोन तास लागले.

कंपनी जागेवर होती. नुसती होती नव्हे, चांगली सात मजली होती, काचेची, आणि काचेत समोरचं ज्वारीचं मोकळं रान दिसत होतं. पत्रावरचं बोधचिन्ह आणि इमारतीवरचं एकच. सीतारामांनी पत्र उंच धरून दोन्ही ताडून पाहिली. मग नावातली अक्षरं मोजली. गेटवरचा पहारेकरी त्यांच्याकडं बघत होता. पन्नाशीचा, मिशा पांढऱ्या व्हायला आलेल्या, छातीवर नाव लिहिलेलं, सोनबा.

“काका, काय पाहून राहिले? कोणाकडं जायचंय?” बोलण्यावरून माणूस विदर्भाकडचा वाटला.

“भरतीची चौकशी करायची होती. माझा मुलगा इथं वीस तारखेला रुजू होणार आहे.”

सोनबानं जरा मान वाकडी केली. “वीस तारखेला? कसली भरती घेऊन बसलात काका! मागच्या सालची पोरंच अजून आत घेतली नाहीत. नवीन पोरं यायची असली की आमच्याकडं आधी यादी येते, फोटो येतात. जानेवारीपासून एकही यादी नाही आली.”

झालं! सीतारामांच्या अंगात एकदम तरतरी आली. खोटं सांगत नाही, पहिल्या क्षणी त्यांना बरंच वाटलं. म्हणजे आपला संशय बरोबर होता. कंपनी खरी, पण पत्र कुणीतरी भामट्यानं पाठवलेलं. आता आत जाऊन एखाद्या अधिकाऱ्याला दाखवायचं, लेखी घ्यायचं, पोलिसांत द्यायचं.

“मला आत कुणाला तरी भेटायचंय,” ते म्हणाले.

“मॅडम खाली येतील का ते पाहतो. तोवर नाव लिहा.” सोनबानं रजिस्टर पुढं केलं.

आता रजिस्टर म्हटल्यावर सीतारामांचा हात कुठं थांबतो? नाव लिहायच्या आधी त्यांनी मागची पानं उलटली. नाव, गाव, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, काम. सोमवार, सहा एप्रिल. सकाळी नऊ चाळीसला आत, नऊ पंचावन्नला बाहेर. पी. एस. ओव्हाळ, धायरी. काम: जॉइनिंगची चौकशी. अक्षर ओळखायला चष्म्याचीही गरज नव्हती. त्यांनी आणखी पानं उलटली. तीस मार्च, पी. एस. ओव्हाळ. तेवीस मार्च, पी. एस. ओव्हाळ. सोळा, नऊ, दोन. दर सोमवारी एक ओळ.

“हा मुलगा...” सीतारामांनी बोट ठेवलं.

“तो होय? लई गुणी पोरगा आहे.” सोनबाचा आवाज मऊ झाला. “दर सोमवारी येते बिचारा. धायरी म्हणजे कुठल्या कुठं! बाकीची पोरं भांडतात, शिव्या देतात. हा विचारते, पाणी पिते, थँक यू काका म्हणते आणि जाते. परवा मॅडम स्वतः खाली आल्या. म्हणाल्या, बाळा, तुमची सगळी बॅच रद्द झाली, आता नको येत जाऊ. लई वेळ त्या कठड्यावर बसून होता. तुमच्या ओळखीचा आहे काय?”

सीतारामांनी रजिस्टर मिटलं. “शेजारचा आहे,” म्हणाले, आणि नाव न लिहिताच वळले. मागून सोनबा, अहो मॅडम येतील, थांबा की, असं काहीतरी म्हणत राहिला.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. परवा म्हणजे सोमवारी. पत्र आलं शनिवारी. ज्याच्या हातात रुजू होण्याचं पत्र आहे, तो दोन दिवसांनी गेटवर जाऊन रुजू कधी होऊ असं विचारेल कशाला? त्यांनी पत्र काढलं. पाचव्यांदा वाचायला घेतलं. या वेळी तारीख, सही, क्रमांक सोडून नुसती वाक्यं वाचली.

‘इट मे काइंडली बी नोटेड.’ कृपया नोंद घ्यावी. ‘द अंडरसाइन्ड मे काइंडली बी इन्फॉर्म्ड.’ खाली सही करणाऱ्यास कृपया कळवावं. ‘द मॅटर मे काइंडली बी ट्रीटेड ॲज मोस्ट अर्जंट.’

अरे देवा! हा तर पहिला ‘मे’. हात जोडून उभा राहणारा. सात मजली काचेच्या कंपनीला एका तेवीस वर्षांच्या पोरापुढं हात जोडायची काय गरज? असं इंग्रजी खराडीत कुणी लिहीत नाही. असं इंग्रजी सरकारी टेबलावरचा खालचा माणूस लिहितो. प्रज्ञेशची शाळा मराठी माध्यमाची. त्याला इंग्रजी पत्र लिहायला शिकवलं होतं सीतारामांनीच, आपल्याच जुन्या मसुद्यांच्या कार्बन कॉप्या पुढं ठेवून, दर रविवारी सकाळी, हे वाक्य पाठ कर, ते वाक्य पाठ कर म्हणून. चार वेळा वाचून चारही वेळा आवडलेलं ते पत्र त्यांचंच होतं, फक्त लिहिलं होतं मुलानं. जगातल्या प्रत्येक कागदावर संशय घेणाऱ्या या माणसाला हाच एक कागद कळला नव्हता.

स्वारगेट येईपर्यंत त्यांना संताप आला. स्वारगेट ते धायरी त्यांनी मनात पोराला काय काय म्हणून घेतलं. खोटारडा. चौतीस वर्षांत माझ्या हातून एक खोटी नोंद झाली नाही आणि माझ्या घरात बनावट पत्र? रविवारी त्या विहारात, बाबासाहेबांच्या फोटोसमोर हा हार घालून घेणार होता? त्यात नाक्यावर उतरले तर चौकात नवा फ्लेक्स लागलेला. सत्कारमूर्ती म्हणून सहा चेहरे, आणि मधोमध सगळ्यांत मोठा प्रज्ञेश, टाय लावलेला. टाय कुठून आला कुणास ठाऊक. सीताराम मान खाली घालून त्याच्याखालून गेले.

प्रज्ञेश घरी होता. हिरा आत पोळ्या करत होती. सीतारामांनी चपलाही काढल्या नाहीत. पत्र टेबलावर ठेवलं.

“हे कुठून आलं?”

“कुरिअरनं. सांगितलं ना पप्पा.”

“मी खराडीला जाऊन आलो.”

प्रज्ञेशनं टेबलावरचं पत्र उलटं करून ठेवलं.

“गेटवरचं रजिस्टर पाहिलं. सोमवार न सोमवार पाहिला. आता विचारतो, हे कुणी लिहिलं?”

“मी लिहिलं,” प्रज्ञेश म्हणाला. “सायबर कॅफेत. त्यांच्या जुन्या पत्रावरून बोधचिन्ह घेतलं.”

“का? हार पाहिजे होता? फ्लेक्सवर मिरवायचं होतं?”

“फ्लेक्स गेला खड्ड्यात!” प्रज्ञेश असा ओरडला की आतला लाटण्याचा आवाज थांबला. “सत्काराचं मला काय माहीत होतं? तुम्हाला दाखवायला लिहिलं मी. फक्त तुम्हाला. वाटलं, तोवर ते खरंच बोलावतील, मग खोटं राहणारच नाही. सोमवारी म्हणून तर गेलो होतो.”

“मला दाखवायला? मी काय तुला नोकरी मागितली होती?”

“नाही. तुम्ही मला सांगितलं होतं की मिळणारच नाही. पहिल्याच दिवशी. पेन्सिलीनं गोल काढून.” “मग जुलै गेला, ऑक्टोबर गेला. मी घरी येऊन सांगायचो, आणि तुम्ही म्हणायचात, मी काय म्हणालो होतो. पप्पा, तेव्हा तुमचा चेहरा कसा व्हायचा ते तुम्हाला माहीत नाही. मला माहीत आहे. तुम्हाला बरं वाटायचं. माझं गेलं याच्यापेक्षा तुमचं खरं ठरलं हे तुम्हाला मोठं होतं. मला एकदा, फक्त एकदा तुमचं चुकलेलं पाहिजे होतं.”

सीतारामांना उत्तर द्यायचं होतं. त्या नऊ वर्षांचं काय, ते सांगायचं होतं. मी तुला सावध करत होतो, जगानं मला जे केलं ते तुला करू नये म्हणून, असं बरंच काही. पण गेटवर सोनबा म्हणाला की यादी नाही, तेव्हा अंगात आलेली तरतरी त्यांना आठवली. ती आजचीच होती, अजून चार तासही झाले नव्हते. बरं वाटलं होतं. पोरगा खोटं बोलत नव्हता.

हिरा दारात येऊन उभी होती, हात पिठानं भरलेले.

“तू तरी सांग त्याला,” सीताराम म्हणाले.

“काय सांगू?” हिरा म्हणाली. “मीसुद्धा हल्ली तुम्हाला निम्मंच सांगते. परवा दवाखान्यात जाऊन आले, तेही नाही सांगितलं. काही नाही निघालं. पण रिपोर्ट यायच्या चार दिवस आधीच तुम्ही निकाल लावून मोकळे झाला असता.”

सीताराम खुर्चीत बसले. खालून कुणीतरी रामदासांच्या नावानं हाका मारत गेलं, तेव्हा ते उठले.

“चल,” म्हणाले.

“कुठं?”

“रामदासांकडं. रविवारच्या आत सांगायला पाहिजे.”

“मी एकटा जातो. माझी चूक आहे.”

“चल म्हणतोय ना.”

विहाराच्या पायऱ्यांवर रामदास गायकवाड मांडववाल्याशी हुज्जत घालत बसले होते. जय भीम झाला. सीतारामांनी उभ्याउभ्याच सांगितलं की प्रज्ञेशचं नाव यादीतून काढा, नोकरी झालेली नाही.

रामदास ताडकन उठले. “म्हणजे? पत्र देऊन फिरवलं? ओव्हाळसाहेब, गप्प बसायचं नाही! मी पेपरात देतो. उद्याच्या उद्या त्या खराडीच्या गेटवर दोनशे माणसं नेऊन बसवतो. आपल्या पोराला पत्र देतात आणि दारातून परत पाठवतात म्हणजे काय?”

आयुष्यभर सीतारामांना हे कुणीतरी म्हणायला हवं होतं. एकोणनव्वद साली म्हणायला हवं होतं. आता नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. कंपनी बदनाम, पोरगा निर्दोष, आणि सीतारामांचं म्हणणं पुन्हा एकदा खरं. प्रज्ञेश मागं दोन पायऱ्या खाली उभा होता.

“कंपनीनं रुजू होण्याचं पत्र दिलेलं नाही,” सीताराम म्हणाले. “त्यांनी पोरांना पुढं ढकललं आणि मग रद्द केलं. मुलानं मला ते दर वेळी येऊन सांगितलं होतं.”

“मग हे काय?” रामदासांनी फाइलमधून झेरॉक्स काढली. “ही सही, हा नंबर?”

“ते मी लिहिलंय.”

“तुम्ही?”

“वाचून बघा. खाजगी कंपनीत असं इंग्रजी असतं का? माझी भाषा आहे ती. सगळी माझी.”

रामदासांनी खरंच वाचलं, ओठ हलवत, खालपर्यंत. मग झेरॉक्स घडी करून परत दिली. “तुमच्या शब्दावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला असता, साहेब,” म्हणाले, आणि मांडववाल्याकडं वळले. परत जय भीम झाला नाही.

रस्त्यात प्रज्ञेश दोनदा थांबला. “पप्पा, तुम्ही कशाला घेतलंत अंगावर? आता सगळी वस्ती तुम्हाला...”

“म्हणू दे.” एवढंच बोलून सीताराम चालत राहिले. पाय दुखत होते.

रविवारी न जायचं हिरानं ठरवलं होतं, पण सीताराम इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाले. पाच पोरांचा सत्कार आहे, टाळ्या वाजवायला माणसं नकोत का, असं म्हणाले. तिघंही गेले. फ्लेक्सवरच्या मधल्या चेहऱ्यावर पांढरा कागद डकवला होता. विहारात लोक बोलायचे थांबले, मग पुन्हा बोलायला लागले. दोघातिघांनी सीतारामांचा जय भीम घेतला नाही. सीताराम मागच्या रांगेत सतरंजीवर बसले आणि पाचही पोरांसाठी टाळ्या वाजवल्या, हात लाल होईपर्यंत.

चौथ्या मुलीला हार घालत असताना प्रज्ञेश शेजारी सरकून बसला. स्टेजकडं बघतच बोलला, हळू, तोंड फार न उघडता.

“उद्या एक वॉक-इन आहे. मगरपट्ट्याला. पंधरा जागा आहेत, पोरं हजारभर येतील. लेखी आहे, मग मुलाखत. होईलच असं काही नाही.”

सीतारामांच्या जिभेवर पंधरा भागिले हजार आलं होतं. त्या कंपनीचं नाव काय, पत्र दाखव, अटी काय आहेत, हेही आलं होतं. आणि त्याच्याखाली ते जुनं वाक्य, नेहमीच्या जागी तयारच बसलेलं. पोरगा स्टेजकडंच बघत होता, पण टाळ्या वाजवायचा थांबला होता, आणि हिरानंही मान वळवली होती.

“किती वाजता निघायचंय?” सीतारामांनी विचारलं.